टोल्टेकांच्या नावावर

नाहुआत्ल भाषेत पक्क्या कारागिराला 'टोल्टेकात्ल' म्हणत. शब्दाचा सरळ अर्थ 'तोल्लानचा रहिवासी', म्हणजे टोल्टेक माणूस. पण सोळाव्या शतकात मेक्सिकोच्या खोऱ्यात हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर गावाआधी हात येत. पिसांची चित्रं करणारा, जेडचा मणी घासणारा, सोनं ओतणारा, पोथी रंगवणारा, यांच्यापैकी जो आपल्या कामात खरोखर तयार असेल तो टोल्टेक. आणि 'टोल्टेकायोत्ल', म्हणजे टोल्टेकपण, हे त्या सगळ्या कौशल्याचं आणि त्यामागच्या शहाणपणाचं नाव.

हा शब्द असा वापरणारे लोक मात्र स्वतः टोल्टेक नव्हते. ते होते मेशिका आणि त्यांचे शेजारी. आपण त्यांना ढोबळपणे अ‍ॅझ्टेक म्हणतो. टोल्टेकांचं शहर बाराव्या शतकाच्या सुमाराला पडलं. ज्या म्हाताऱ्यांनी टोल्टेकांचं वर्णन सांगितलं आणि ते कागदावर उतरलं, ते सांगत होते सोळाव्या शतकाच्या मध्यावर. मधे गेली साधारण चारशे वर्षं. टोल्टेकांचं स्वतःचं एकही पुस्तक आपल्यापर्यंत आलेलं नाही. त्यांच्या तोंडचं म्हणून जे काही आपण ऐकतो, ते सगळं दुसऱ्या कुणीतरी त्यांच्याबद्दल सांगितलेलं आहे.

इथे एक प्रश्न उभा राहतो आणि तो फक्त इतिहासाचा नाही. जे लोक उत्तर द्यायला जिवंत नाहीत, त्यांच्या तोंडी शहाणपण घालावं का? आणि शहाणपण उपयोगाचं असेल तर ते कुणाच्या नावावर आहे, याने काही बिघडतं का?

माझ्या मते बिघडतं. पण किती बिघडतं हे नाव कशासाठी वापरलंय त्यावर ठरतं. अ‍ॅझ्टेकांनी हे नाव दोन पूर्णपणे वेगळ्या प्रकारांनी वापरलं आणि आपण आज तिसऱ्याच प्रकाराने वापरतोय.

*

बेर्नार्दिनो दे साआगुन हा फ्रान्सिस्कन मिशनरी 1529 साली मेक्सिकोत आला. तेनोच्तित्लान पडून आठ वर्षं झाली होती. पुढची साठेक वर्षं तो तिथेच राहिला, नाहुआत्ल शिकला, आणि गावोगावच्या म्हाताऱ्यांना बसवून त्यांच्याकडून त्यांच्या जगाबद्दल सगळं लिहून घेतलं: देव, सण, औषधं, शिव्या, बाजार, पक्षी, लग्नाच्या वेळी मुलीला करायचा उपदेश. लिहून घेणारे बरेचसे त्याचेच विद्यार्थी होते, लॅटिन शिकलेली नाहुआ मुलं. त्यांच्यातल्या आंतोनियो वालेरियानोसारख्यांची नावंही साआगुनने नोंदवली आहेत. त्यातून 12 भागांचा ग्रंथ तयार झाला, एका रकान्यात नाहुआत्ल, एका रकान्यात स्पॅनिश, मधे मधे मिळून दोन हजारांहून जास्त चित्रं. आज तो फ्लोरेन्सच्या ग्रंथालयात आहे म्हणून त्याला फ्लोरेंटाइन कोडेक्स म्हणतात. साआगुनचा हेतू काही निर्मळ नव्हता. मूर्तिपूजा उपटून काढायची तर आधी ती ओळखता आली पाहिजे, असं त्याचं गणित होतं. पण काम करता करता तो त्या जगात इतका खोल गेला की आज आपल्याला जे कळतं त्यातला मोठा वाटा त्याचा आणि त्या मुलांचा आहे.

या ग्रंथात टोल्टेक येतात ते थेट सुवर्णयुगातून. त्यांच्याकडे मक्याची कणसं इतकी मोठी की कवेत घ्यावी लागत. कापूस झाडावरच रंगीत यायचा, लाल, पिवळा, निळा. रंगवायची गरज नाही. वर्षाचं गणित त्यांनी बसवलं, औषधी झाडं त्यांनी शोधली, जमिनीत रत्न कुठे दडलंय ते त्यांना कळायचं. त्यांच्या पुजारी-राजाची, केत्सालकोआत्लची, चार दिशांना चार घरं होती, कुठे सोन्याचं, कुठे पिसांचं. ते खोटं बोलत नसत.

आता हे वाचून आपण हसतो, कारण असं सुवर्णयुग प्रत्येकाच्या घरी एक असतंच. पण याच ग्रंथात थोडं पुढे कारागिरांची वर्णनं आहेत, आणि तिथे सूर एकदम बदलतो. प्रत्येक धंद्यातला चांगला माणूस कसा आणि वाईट माणूस कसा, असं जोडीने सांगितलंय. चांगला कारागीर स्वतःच्या मनाशी बोलून काम करतो, घाई करत नाही, तुकडे नीट जुळवतो, जे करतो ते पुरं करतो. वाईट कारागीर हाताला येईल ते जोडतो, वरवर झाकतो, लोकांना गंडवतो. चोराच्या आणि त्याच्यात फारसा फरक ठेवलेला नाही.

मी बॅकएंडवर काम करतो. दुसऱ्यांनी लिहिलेला कोड वाचणं हा माझ्या दिवसाचा मोठा भाग असतो. त्या वाईट कारागिराचं वर्णन वाचताना मला चेहरे दिसायला लागले. एरर आली की ती पकडायची, काहीच न करता गिळायची, आणि स्क्रीनवर हिरवी खूण दाखवायची. टेस्ट पास होते, डेमो होतो, आणि आठ महिन्यांनी रात्री दोन वाजता कुणाचा तरी फोन वाजतो. 'वरवर झाकतो' याला आमच्या धंद्यात वेगळा शब्द नाही, पण गोष्ट तीच.

कारागिरीला नीतीशी इतकं घट्ट बांधणं मला फार आवडलं. नाहुआ विचारात माणूस सांगायला 'चेहरा आणि हृदय' अशी जोडी वापरतात. जन्मतः दोन्ही कच्ची असतात. शिकवणाऱ्याचं काम म्हणजे माणसापुढे आरसा धरून त्याला चेहरा मिळवून देणं. मिगेल लेओन-पोर्तिया या मेक्सिकन अभ्यासकाने 1956 साली नाहुआ तत्त्वज्ञानावर पुस्तक लिहिलं, तेव्हा त्याने हाच धागा मध्यभागी ठेवला. त्याआधी 'अ‍ॅझ्टेक आणि तत्त्वज्ञान' हे शब्द एका वाक्यात आले तर विद्यापीठांतले लोक भुवया उंचावत.

*

आता पुस्तकातून जमिनीवर. मेक्सिको शहराच्या उत्तरेला 60-70 किलोमीटरवर, इदाल्गो राज्यात एक गाव आहे, तूला. (मुद्दाम दीर्घ ऊ लिहितोय, नाहीतर प्रत्येक वाक्यात 'मला-तुला' वाचाल.) 1880च्या दशकात देझिरे शार्ने नावाच्या फ्रेंच माणसाने इथे खणलं. पण हेच ते तोल्लान, असं मेक्सिकोतल्या अभ्यासकांच्या परिषदेत ठरलं 1941 साली. त्यात विग्बेर्तो हिमेनेस मोरेनोने गावांच्या आणि डोंगरांच्या जुन्या नावांवरून केलेला युक्तिवाद महत्त्वाचा होता. होर्हे अकोस्ताने तिथे वर्षानुवर्षं उत्खनन केलं. शहर साधारण 900 ते 1150 या काळात भरात होतं, सुमारे 16 चौरस किलोमीटर पसरलेलं. ऑब्सिडियनची, म्हणजे ज्वालामुखीच्या काळ्या-हिरव्या काचेची, पाती पाडणारे कारखाने होते. दूरदूरची भांडी इथे येत होती.

आणि कारागिरी? इथे पंचाईत होते. तूलाचं बांधकाम बघून अभ्यासकांची थोडी निराशाच झाली. आत दगडगोट्यांचा आणि मातीचा भराव, बाहेर कोरलेल्या पातळ फरशा, वर गिलावा. फरशा पडल्या की आतला ढिगारा उघडा. तेओतिवाकानसारखं त्याहून जुनं आणि कितीतरी भव्य शहर जवळच असताना, कारागिरीचे देव ज्यांना म्हणायचं ते हे? काहींनी तर म्हटलं, खरं तोल्लान तेओतिवाकानच असणार. शेवटी बऱ्याच जणांना पटलेलं उत्तर असं की 'तोल्लान' हे एका गावाचं नाव कमी आणि पदवी जास्त होती. शब्दाचा अर्थ लव्हाळ्यांची जागा. दाट लव्हाळ्यासारखी माणसं जिथे उगवली आहेत ते मोठं शहर. चोलुलालाही तोल्लान म्हणत.

तूलाच्या मुख्य पिरॅमिडवर चार दगडी योद्धे उभे आहेत, प्रत्येक साडेचार मीटरहून उंच, चार-चार तुकडे खुंट्यांनी एकमेकांत बसवून उभे केलेले. कधीकाळी त्यांच्या डोक्यावर देवळाचं छप्पर होतं. छातीवर फुलपाखराच्या आकाराचं कवच, एका हातात भाला फेकायचं यंत्र. खाली भिंतीवर जग्वारांच्या रांगा आणि हृदयं खाणारे गरुड. मागच्या भिंतीवर साप माणसांचे सांगाडे गिळतायत. चौकात कवट्या मांडायचा चौथरा. आणि 2007 साली तिथल्या पुरातत्त्वज्ञांनी जाहीर केलं की तूलामध्ये 24 मुलांचे सांगाडे एकत्र सापडले आहेत, गळे कापल्याच्या खुणांसह. त्यांच्यासोबत पावसाच्या देवाची मूर्ती होती. बळी दिले असावेत.

अ‍ॅझ्टेकांनी सांगितलेली एक गोष्ट अशी: केत्सालकोआत्ल राजाने नरबळी नाकारला. तो साप, पक्षी, फुलपाखरं वाहायचा. त्याचा शत्रू तेस्कात्लिपोका, ज्याच्या नावाचा अर्थच धुरकट आरसा, त्याच्याकडे आरसा घेऊन आला. राजाने आपला सुरकुतलेला चेहरा पाहिला आणि घाबरला. मग त्याला दारू पाजली गेली, नशेत त्याच्या हातून नको ते घडलं, आणि लाजेने तो राज्य सोडून समुद्राकडे निघून गेला. तिथे त्याने स्वतःला जाळून घेतलं आणि त्याचं हृदय पहाटेचा शुक्र झालं. गोष्ट विलक्षण आहे. पण ती लिहिली गेली स्पॅनिश सत्ता आल्यानंतर, ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या सावलीत. बळी नाकारणारा पवित्र राजा त्या काळात कुणाकुणाला सोयीचा होता, ते सांगायला नको. तूलाच्या मातीत मात्र त्या 24 मुलांची हाडं आहेत.

*

माझा आणि टोल्टेकांचा संबंध आला तो ऑफिसात. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे एका गुरुवारी कपात झाली. आमच्या टीममध्ये एक सीनियर होती, आम्ही सगळे तिला ताई म्हणायचो. अकरा वर्षं त्याच प्रॉडक्टवर. सकाळी दहाला कॉल, साडेदहाला लॅपटॉप लॉक. पुढच्या आठवड्यात उरलेल्यांसाठी 'वेलनेस सेशन' ठेवलं. बाहेरून एक कोच आले होते. स्लाइडवर तूलाचे तेच दगडी योद्धे, मागे सूर्योदय, आणि मथळा: प्राचीन टोल्टेक शहाणपण. दुसऱ्या नियमावर ते बराच वेळ थांबले. कुठलीही गोष्ट मनाला लावून घेऊ नका. लोक जे करतात ते त्यांच्या स्वप्नात करतात, त्याचा तुमच्याशी संबंध नसतो.

मी हात वर केला. "सर, हे टोल्टेक म्हणजे नक्की कोण?"

"मेक्सिकोतले प्राचीन ज्ञानी लोक. हजार वर्षांपूर्वीचे. योद्धे, पण आतले योद्धे."

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "हातात भाला आहे की त्यांच्या." कोचही हसले. चांगला माणूस होता, त्याच्यावर माझा राग नाही.

ते नियम आले होते मिगेल रुईस यांच्या 1997 सालच्या 'द फोर अ‍ॅग्रीमेंट्स' या पुस्तकातून. मुखपृष्ठावरच टोल्टेक शहाणपणाचं पुस्तक असं लिहिलेलं आहे. शब्द शुद्ध ठेवा, मनाला लावून घेऊ नका, अंदाज बांधू नका, जमेल तितकं उत्तम करा. जगभर प्रचंड खपलेलं पुस्तक. त्याही आधी कार्लोस कास्तानेदा यांनी 1968 पासून एका याकी मांत्रिकाच्या शिकवणीवर पुस्तकं लिहिली, आणि पुढच्या पुस्तकांत त्यांनीही 'टोल्टेक' हा शब्द असाच, गूढ ज्ञान असलेला माणूस अशा अर्थाने, वापरला. मानववंशशास्त्रज्ञांनी त्यांच्या त्या मांत्रिकाच्या खरेपणावरच शंका घेतल्या आहेत.

रुईस यांचा सल्ला वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. अंदाज बांधू नका, हे तर प्रत्येक प्रोग्रॅमरच्या डेस्कवर चिकटवावं. ज्या कुणाला त्या पुस्तकाने वाईट दिवसांतून बाहेर काढलं असेल, त्याला मी ते फेकून दे म्हणणार नाही. माझा प्रश्न मुखपृष्ठावरच्या त्या एका शब्दाबद्दल आहे.

याच्यावर माझा एक मित्र नेहमी पायथागोरस काढतो. काटकोन त्रिकोणाचा सिद्धांत त्याने शोधला की नाही यावर वाद आहे, म्हणून कर्णाची लांबी बदलते का? सल्ला बरोबर असेल तर कुणाचा का असेना.

भूमितीपुरतं हे बरोबर आहे. तो सिद्धांत मी वही-पेन घेऊन पाच मिनिटांत सिद्ध करू शकतो. त्याला कुणाच्या नावाची गरज नाही. 'मनाला लावून घेऊ नका' हे मी कसं सिद्ध करणार? अशा वाक्याची परीक्षा आयुष्यं जगून होते. कुणीतरी तसं वागलं, त्याला किती किंमत पडली, शेवटी काय हाती लागलं, हे पाहूनच आपण ठरवतो. म्हणून तर असा सल्ला देणाऱ्याला आपण विचारतो, तू स्वतः असं वागलास का? 'प्राचीन' हा शब्द नेमकं याच प्रश्नाचं उत्तर असल्यासारखा येतो. तो सांगतो की हे हजार वर्षं वापरात होतं, एका अख्ख्या संस्कृतीने वापरून पाहिलं, चाललं. आमच्या भाषेत, हा कोड हजार वर्षं प्रॉडक्शनमध्ये आहे. आणि तो नसेल, तर मुखपृष्ठावरचा शब्द म्हणजे खोटा टेस्ट रिपोर्ट. कोड कदाचित चांगला असेलही. पण रिपोर्ट खोटा आहे, आणि तो बघून लोक आपली सिस्टिम त्याच्यावर उभी करतायत. त्या दिवशी त्या खोलीत तो रिपोर्ट दाखवूनच आम्हाला सांगितलं गेलं की ताईंबद्दल वाईट वाटून घेऊ नका. दोन महिन्यांपूर्वीचा कुणाचा विचार म्हणून तोच सल्ला दिला असता, तर निदान दोघातिघांनी तरी वाद घातला असता. हजार वर्षांपुढे कोण वाद घालणार?

*

यावर कुणी म्हणेल, अ‍ॅझ्टेकांनीही हेच केलं. खरं आहे. त्यांच्या राजांनी तर बेधडक केलं.

मेशिका लोक खोऱ्यात उशिरा आले, गरीब, भाडोत्री सैनिक म्हणून. आपल्याला राजा हवा तर तो टोल्टेक रक्ताचा हवा, म्हणून त्यांनी कुल्हुआकानच्या राजघराण्याशी नातं सांगणारा आकामापिच्त्ली गादीवर आणला, कारण कुल्हुआकान स्वतःला टोल्टेकांचं वारस म्हणवत असे. पुढे इत्स्कोआत्ल राजाने, ज्याचं राज्य 1427 ते 1440, जुन्या पोथ्या जाळल्या. साआगुनला म्हाताऱ्यांनी हे सांगितलं, कारणासकट: सगळ्यांनी सगळं जाणून घेणं बरं नव्हे, शिवाय त्या पोथ्यांत खोटं फार. त्यानंतर जो इतिहास उरला त्यात मेशिका हे टोल्टेकांचे सरळ वारस होते. त्यांची माणसं तूलाच्या अवशेषांत जाऊन खणायची, मूर्ती उचलून आणायची. तेनोच्तित्लानच्या मोठ्या देवळाशेजारी गरुडांचं घर म्हणून जी वास्तू सापडली आहे, तिथले बाक हुबेहूब तूलाच्या बाकांसारखे कोरले आहेत, योद्ध्यांच्या मिरवणुकीसकट. तूलासारखाच, पोटावर ताट धरून पाठीवर रेललेला चाकमूलही मोठ्या देवळात बसवला. राजाला टोल्टेक नाव हवं होतं ते याचसाठी, की त्याला कुणी प्रश्न विचारू नये. कोचच्या स्लाइडशी हे जवळचं आहे.

पण त्याच शहरात, त्याच नावाचा दुसराही वापर चालू होता. पिसांचा कारागीर जेव्हा म्हणायचा की चांगला कारागीर टोल्टेक असतो, तेव्हा तो स्वतःच्या मानेवर जोखड ठेवत होता. त्या नावाने त्याला काही माफ होत नव्हतं. उलट, आज जोडलेला तुकडा घाईत जोडला असेल तर तो टोल्टेक नाही, एवढं त्याला मान्य करावं लागे, आणि शेजारचा कारागीर येऊन ते तपासू शकत होता. तूलाच्या भिंती आतून मातीच्या होत्या याने या वापराला काही धक्का बसत नाही. एका अर्थी त्याचं 'टोल्टेक' भूतकाळात नव्हतंच. ते त्याच्या समोरच्या पाटावर होतं, अजून अपुरं.

माझा कौल इथे पडतो. जे नाव घेतल्याने माझं काम तपासायला सोपं होतं, ते मी मेलेल्यांकडून उसनं घेऊ शकतो. त्यांना नफा नाही, तोटाही नाही. जे नाव घेतल्याने माझं बोलणं तपासणं अवघड होतं, त्याचं बिल कुणीतरी भरतं. तूलाची ती मुलं भरतात, कारण आतल्या योद्ध्यांच्या शांत शहरात त्यांना जागा उरत नाही. आणि जिवंत माणसंही भरतात. मेक्सिकोच्या 2020च्या जनगणनेत 16 लाखांहून जास्त लोकांनी नाहुआत्ल बोलतो असं सांगितलंय. त्यांच्या पूर्वजांनी विचार केला, तो लिहिलेला आहे, वाचता येतो, त्याच्याशी भांडता येतं. पण दुकानात 'टोल्टेक शहाणपण' मागितलं की ते मिळत नाही.

*

एक गोष्ट मला सुरुवातीला दिसली नव्हती असं नाही, पण तिचं वजन हळूहळू जाणवलं: टोल्टेकांबद्दल इतकं सुंदर बोलणारे ते म्हातारे कोणत्या दिवसांत बोलत होते.

1545 साली तिथे साथ आली. त्लातेलोल्कोमध्ये आपण दहा हजारांहून जास्त प्रेतं पुरली, असं साआगुनने लिहून ठेवलंय. 1576 साली पुन्हा साथ आली, तेव्हा ग्रंथाचं शेवटचं काम चालू होतं, आणि लिहिणारे, चित्रं काढणारे आजूबाजूला मरत होते. नंतरच्या भागांतली बरीच चित्रं रंगाशिवायच राहिली. या लोकांची देवळं पाडून झाली होती, पोथ्या जळून झाल्या होत्या, आणि आता समोर बसलेला परदेशी पुजारी विचारत होता, की तुमचे पूर्वज कसे होते? त्यांनी सांगितलं, की ते खोटं बोलत नसत, आणि जे करत ते पुरं करत. याला मी इत्स्कोआत्लच्या राजकारणात बसवू शकत नाही. पाठीशी काहीच उरलं नसताना चांगल्या कामाचं मोजमाप तेवढं कुणाच्या तरी नावावर ठेवून द्यावं, तसं ते आहे. नाव कुणाचं, तर ज्यांचं आता कुणी काही हिरावून घेऊ शकत नाही त्यांचं.

त्याच ग्रंथाच्या नवव्या भागात आमान्तेका, म्हणजे पिसांचे कारागीर, आपलं काम पायरी-पायरीने सांगतात. आधी कापसाचा पातळ थर सरसाने ताठ करायचा, त्यावर आकृती उतरवायची. मग स्वस्त, रंगवलेली पिसं खाली चिकटवायची, आणि त्यांच्यावर मौल्यवान पिसं. खालचा थर कुणाला दिसत नाही. पण तो रंगाला रंग जुळवून नीट लावला नाही तर वरच्या पिसांचा रंग उठत नाही.

फ्रान्समधल्या ओश गावच्या संग्रहालयात त्यांनी केलेलं एक चित्र आहे. विषय ख्रिस्ती, संत ग्रेगरीची प्रार्थना. साल 1539, तेनोच्तित्लान पडल्यानंतर 18 वर्षं. ते पोप तिसऱ्या पॉलसाठी भेट म्हणून बनवलं होतं. कडेने लॅटिनमध्ये नावं आहेत: पोपचं, मेक्सिकोचा नाहुआ गव्हर्नर दिएगो उआनित्सिनचं, देखरेख करणाऱ्या पेद्रो दे गांते या मिशनऱ्याचं. ज्यांनी खालचा थर लावला त्यांची नावं त्यात नाहीत. रंग अजून उठून दिसतात.